कुठल्या वॉर्डला असतेस?

आम्हा परिचारिकांमधल्या दोघीजणी लग्नाच्या मांडवात भेटल्या तरी पहिला प्रश्न हाच. आणि उत्तर आलं की समोरचीची किंमत ठरलेली असते. आयसीयू म्हटलं की भुवया उंचावतात. ओटी म्हटलं की "बरंय बाई, नातेवाइकांची कटकट नाही." ओपीडी म्हणजे आराम, मनोरुग्ण विभाग म्हणजे शिक्षा, आणि उपकेंद्रावरची आरोग्यसेविका तर आमच्यात मोजलीच जात नाही. मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन, लेबर रूम, ओटी, मनोरुग्ण विभाग असं सगळीकडे काम केलं. आता परिसेविका आहे. नवी मुलगी रुजू व्हायला येते तेव्हा ही उतरंड तिच्या चेहऱ्यावर लिहिलेली असते. तिच्यासाठी, आणि तिला ही उतरंड शिकवणाऱ्या आम्हा जुन्यांसाठी, हे लिहिते आहे.

१. मान यंत्रांना मिळतो आणि काम हातांनी होतं

जिथे मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप जास्त, तिथली सिस्टर हुशार, असं आम्हीच धरून चालतो. आयसीयूचं काम अवघड आहे यात शंका नाही. पण जनरल वॉर्डात एकटी सिस्टर रात्रभर तीस-चाळीस पेशंट बघते, मॉनिटर नसताना बघते, आणि पहाटे कोणाचा श्वास वाढलाय हे चादरीच्या हालचालीवरून ओळखते, त्याला आम्ही नुसतं 'वॉर्ड ड्यूटी' म्हणतो. पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं, तोंड साफ करणं, ठसका न लागू देता भरवणं, पाठीची कातडी कोरडी ठेवणं, याला तर 'बेसिक' म्हणून आम्ही बाजूलाच टाकलंय.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकीला माहीत असते. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली. मधली सगळी वर्षं तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. ज्यांनी तिला कधी ड्यूटीवर पाहिलं नव्हतं, ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, अशा मुलींनीसुद्धा. तिच्यासाठी दयामरणाचा अर्ज झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो फेटाळला, आणि निकालात केईएमच्या या सेवेचं मनापासून कौतुक केलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला इतकी वर्षं जखमा न होऊ देणं कोणत्या यंत्राने जमलं असतं? ते भरवण्याने आणि कूस बदलण्याने जमलं. 'बेसिक' म्हणण्याआधी ही वर्षं आठवावीत, असं मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते.

२. शांत दिसणाऱ्या वॉर्डात नजर जास्त लागते

मनोरुग्ण विभागाबद्दल आमच्यातच काय काय बोलतात ते लिहायला लाज वाटते. "तिथे काय, गोळ्या वाटायच्या आणि दार लावायचं." "जास्त दिवस राहिली तर तीही तशीच होईल." ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बदली झाली म्हटलं की घरी सुतक लागल्यासारखं वातावरण होतं.

एका मे महिन्यात आमच्या मेडिसिन वॉर्डात एक मध्यमवयीन गृहस्थ उलट्या-जुलाबाने भरती झाले. उन्हाळ्यात अशा केसेस रोजच्याच, म्हणून सलाइन सुरू झालं. ते आधी मनोरुग्ण विभागात होते, म्हणून तिथली सिस्टर ड्यूटी संपल्यावर सहज बघायला आली. पाच मिनिटं उभी राहिली आणि मला म्हणाली, "ताई, हे चहाचा कप एका हाताने धरतात. आज दोन्ही हातांनी धरलाय, तरी सांडतोय." तिने त्यांना बोटं पसरून हात पुढे करायला लावले. जाड, ठळक थरथर होती. उठवून चालवलं तर झोक जात होता. "लिथियमवर आहेत. लेव्हल पाठवा, आणि डॉक्टरांना आत्ताच सांगा."

लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मध्ये ठेवायची असते. १.५ च्या वर गेली की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. घाम आणि जुलाबाने अंगातलं पाणी व मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, आणि मग जुलाब हे कारणही असतं आणि लक्षणही. लेव्हल बरीच वर आली. गोळी थांबली, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना बोलावलं, माणूस वाचला. आमच्या केसपेपरवर तोवर 'गॅस्ट्रो' एवढंच लिहिलेलं होतं. गोळ्या वाटणारी म्हणून जिला हिणवतात तिला कपाचा कान कोण कसा धरतो हे माहीत होतं.

३. "काउंट जुळत नाही, सर"

ओटीतल्या सिस्टरबद्दल म्हणतात की पेशंट झोपलेला, तिला बोलायचं कोणाशी? तिला बोलायचं असतं सर्जनशी, आणि तेही सर्जनला नको असतं अशा वेळी. पोट बंद करण्याआधी मॉप, गॉज, सुया, अवजारं मोजायची असतात. स्क्रब सिस्टर आणि सर्क्युलेटिंग सिस्टर दोघी मोठ्याने मोजतात. एका रात्री एक मॉप कमी आला. केस लांबलेली, सर्जन थकलेले. म्हणाले, "मी आत बघितलंय, काही नाही. टाका द्या." तिने सुई लावलेला नीडल होल्डर हातात तसाच धरून ठेवला. "काउंट जुळत नाही, सर." आवाज चढला नाही, हातही पुढे आला नाही. पुन्हा शोधलं. मॉप यकृताच्या मागे रक्तात भिजून बसला होता.

त्या क्षणी ती बाई त्या पेशंटची एकटी नातेवाईक होती. एवढंच पुरे.

४. ओव्हर घेताना गणवेश बघू नये

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल, कारण शिक्के मारण्याची सवय इथेच पेशंटच्या अंगावर येते. एका वॉर्डातून दुसऱ्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात पेशंट जातो तेव्हा त्याच्याबद्दलची माहिती माणसाच्या तोंडून जाते, यालाच आम्ही ओव्हर म्हणतो. त्या तोंडाला आपण किंमत देत नसलो तर माहिती दाराबाहेर राहते.

पावसाळ्यातली रात्र होती. उपकेंद्रावरून झटके येणारी पहिलटकरीण गाडीतून आली. सोबत आरोग्यसेविका, चिखलाने माखलेल्या चपला, खांद्याला पिशवी. लेबर रूमच्या दारात तिला "तुम्ही बाहेर थांबा" असं सांगून थांबवलं. रेफर चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा केसपेपर काढायला खिडकीवर. आत धावपळ सुरू झाली आणि नियमाप्रमाणे झटक्यांवरच्या मॅगसल्फचा पूर्ण लोडिंग डोस भरायला घेतला. मी शेजारच्या टेबलावर बाळ घेत होते. तेवढ्यात ती आरोग्यसेविका दार ढकलून आत आली आणि मोठ्याने म्हणाली, "ताई, दोन्ही कुल्ल्यांवर पाच-पाच ग्रॅम दिलंय. सव्वाचारला. वर देऊ नका."

भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत गेली. पेशंटच्या गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया बघितली, श्वास मोजला, लघवीची पिशवी बघितली. मॅगसल्फचा पुढचा डोस देण्याआधी या तिन्ही गोष्टी बघायच्या असतात: गुडघा उडतोय का, श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी तर नाहीत ना, लघवी तासाला निदान ३० मिली होतेय का. औषध जास्त झालं तर आधी गुडघा उडणं बंद होतं आणि मग श्वास. कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात ते यासाठीच. झटक्यांच्या बाईला पाठवण्याआधी १० ग्रॅमचा पहिला डोस द्यायची जबाबदारी आरोग्यसेविकेचीच असते. तिने ती पार पाडली होती, वेळ लक्षात ठेवली होती, आणि सांगायला उभी होती. तिला फक्त कोणी विचारलं नव्हतं.

या बाईचं रोजचं काम काय असतं? सपाट भागात ५,००० आणि डोंगराळ, आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. लसीची पेटी २ ते ८ अंशांत ठेवत वाडीवस्तीवर न्यायची, कोणत्या घरात कोणाचा कितवा महिना चालू आहे ते तोंडपाठ, आणि रक्तदाब वाढलेली बाई माहेरी गेली असेल तर माहेरच्या गावच्या सेविकेला फोन करायचा. रुग्णालयात आम्हाला पेशंट भेटतो तो काही दिवसांपुरता. तिला तो नऊ महिने आणि पुढे बाळाचं लसीकरण होईपर्यंत भेटत असतो. माझ्या वॉर्डात आता बाहेरून आलेल्या सेविकेला आधी खुर्ची मिळते, आणि ओव्हर तिच्याकडून घेतल्याशिवाय तिला कोणी सोडत नाही.

५. काही शिक्के खरे असतात, ते पुसायचे नाहीत

"लेबर रूमच्या सिस्टर ओरडतात." हो, काही ओरडतात. कळा देणाऱ्या बाईला नको ते बोलतात, मांडीवर चापट मारतात. मी हे पाहिलंय आणि त्या वेळी टोकलंही आहे. अपुरी माणसं, एकाच वेळी तीन टेबलं भरलेली, ही कारणं खरी आहेत, पण त्यांनी त्या बाईचा अपमान कमी होत नाही. २०१७ मध्ये 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यात सन्मानाने बाळंतपण आणि सोबतीला घरचं माणूस यावर भर आहे. जिथे सासू किंवा आई उशाशी उभी राहिली तिथे आवाज आपोआप खाली आले, हे मी बघितलंय. एकमेकींचा मान राखायचा म्हणजे एकमेकींच्या वागण्यावर पांघरूण घालायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमत नाही. त्याच लेबर रूममध्ये धो-धो रक्त जाणाऱ्या बाईचं गर्भाशय मुठीत दाबून धरत बसलेली सिस्टरही मी पाहिलीय. दोन्ही सांगायला हवं.

६. ब्रदरला फक्त ताकदीसाठी बोलावू नका

मुलगे परिचर्येत आले की त्यांना कॅज्युअल्टी, हाडांचा वॉर्ड किंवा पिसाळलेला पेशंट. मुलांच्या वॉर्डात, नवजात बाळांच्या एसएनसीयूत सहसा नाही. माझ्याकडच्या एका ब्रदरच्या हातून दीड किलोच्या बाळाला सलाइन पहिल्या टोचण्यात लागायचं. तरी इतर वॉर्डांतून त्याला बोलावणं यायचं ते पेशंट उचलायला.

७. २०२० ने दारं उघडली, आम्ही ती पुन्हा लावली

करोनात नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबल्या आणि ओटी, ओपीडी, डोळ्यांचा वॉर्ड, सगळीकडच्या सिस्टर कोविड वॉर्डात आल्या. पीपीई किट कुठेही हात न लागू देता कसं उतरवायचं हे ओटीच्या मुलींनी सगळ्यांना शिकवलं, कारण निर्जंतुक राहणं त्यांच्या हाडात मुरलेलं. पेशंटला पालथं झोपवायचं होतं तिथे जनरल वॉर्डच्या बायकांच्या हाताला तोड नव्हती. बायपॅपचे आकडे आयसीयूवाल्यांनी समजावले. आणि मास्क ओढून काढणाऱ्या, भीतीने वेड्यापिशा झालेल्या माणसाजवळ मनोरुग्ण विभागातली सिस्टर जाऊन बसायची आणि तो शांत व्हायचा. कोणी कोणाला "तू कुठली" म्हणून विचारलं नाही. लाट ओसरली, जुन्या ड्यूटी लिस्ट लागल्या आणि जेवणाच्या खोलीत पुन्हा वॉर्डवार घोळके बसू लागले. याचं मला अजून वाईट वाटतं.

८. "सिस्टर ती सिस्टर, कुठेही टाका"

वर लिहिलं ते आमच्यातलं. पण आमच्यात ही उतरंड टिकते त्याला वरूनही खतपाणी मिळतं. मनोरुग्ण परिचर्या, अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग अशा विषयांत जीएनएम किंवा बीएस्सीनंतर एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. मुली घर सोडून, लहान मुलं सासूकडे ठेवून तो करतात. परत आल्यावर त्यांना कुठे टाकतात? जिथे जागा रिकामी असेल तिथे. मनोरुग्ण परिचर्या शिकलेली मुलगी माझ्याकडे सर्जरी वॉर्डात ड्रेसिंग करते आहे, आणि त्या विभागात नको-नको म्हणणारी दुसरी तिथे दिवस मोजते आहे. शिकलेल्या कामाला शासनदरबारीच किंमत नसेल तर शेजारच्या वॉर्डातली ती कुठून देणार?

मेट्रन मॅडमकडे मी लेखी दिलंय. नव्या ड्यूटी लिस्टमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे तिने घेतलेलं विशेष प्रशिक्षण लिहावं, आणि तिला त्याच विभागात निदान तीन वर्षं ठेवावं. नव्याने लागलेल्या प्रत्येक मुलीला पहिल्या वर्षात मनोरुग्ण विभाग, ओटी आणि एका उपकेंद्रावर काही दिवस पाठवावं. पहिल्या दोन मागण्यांवर 'विचार करू' असं उत्तर आलंय. उपकेंद्राला होकार मिळालाय. पहिल्या दोन मुली पुढच्या सोमवारी निघताहेत.