खुर्चीतून उठताना हात टेकता का?

'उठताना खुर्चीच्या हातांवर जोर द्यावा लागतो हो डॉक्टर. वय झालं, दुसरं काय!' साठी ओलांडलेले बरेच रुग्ण असं म्हणतात आणि सोबत आलेली मुलं मान डोलावतात. मला हे पटत नाही. बहुतेकदा वयापेक्षा मांड्यांचं बसून राहणंच जास्त नडलेलं असतं.

1990 साली मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांचा बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या संस्थेत राहणारी दहा अशक्त माणसं, सरासरी वय 90. त्यांच्याकडून आठ आठवडे देखरेखीखाली मांड्यांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली! अभ्यास छोटा होता, हे खरं. पण 2009 मध्ये अशा 121 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही ज्येष्ठांची ताकद वाढते हेच दिसलं.

वय वाढतं तसे झटकन आकसणारे स्नायुतंतू आधी झिजतात. ठेच लागल्यावर तोल सावरतात ते हेच. म्हणून न्हाणीघरात पाय घसरतो, सावरता येत नाही आणि खुब्याचं हाड मोडतं.

रोजचं चालणं सोडू नका, पण मांड्यांना तेवढं पुरत नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हातांची छातीवर घडी घाला, उठा आणि सावकाश, तीन अंक मोजत बसा. श्वास रोखू नका. जमेल तितक्या वेळा करा. आठ-दहापर्यंत पोचलात की थोडं थांबून पुन्हा तेवढंच. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

ताटाकडेही बघा. रात्री नुसता मऊ भात किंवा चहा-बिस्किटं खाऊन स्नायू कशाच्या जोरावर वाढणार? उसळ, घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडं किंवा मासे घ्या. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

आणि मुला-सुनांना एक विनंती. आईच्या हातातली भाजीची पिशवी काळजीपोटी काढून घेऊ नका. पेलत असेल तर तिला ती उचलू द्या.