नकाशा वाचायला डिप्लोमा लागतो का?

प्रश्न : मी कोसाडला राहतो. दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. सध्या एका साइटवर लोखंड फिटरच्या हाताखाली आहे. साहेब ज्या कागदाला ब्लू प्रिंट म्हणतात, तो मला कायम पांढराच दिसतो. तो वाचता आला तर सुपरवायझर होता येईल, असे सगळे सांगतात. त्यासाठी डिप्लोमा लागतो का? इंग्रजी कच्चे असले तर जमेल का?
– एक वाचक, कोसाड (सुरत)

उत्तर : तुमच्या शंका तीन आहेत : रंगाची, इंग्रजीची आणि डिप्लोमाची. रंगाची लगेच मिटते. १८४२ मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर उन्हात प्रत काढण्याची रीत शोधली. ऊन लागलेला भाग निळा होई आणि रेषांखाली झाकलेला भाग पांढरा राही. पुढे अमोनियाच्या प्रती आल्या. त्यांत कागद पांढरा आणि रेषा निळसर-जांभळ्या असत. आता प्लॉटर काळ्या रेषा छापतो. निळा रंग केव्हाच गेला, पण जुने नाव साइटवर टिकून आहे.

आता इंग्रजी. नकाशात वाचायला वाक्ये फारशी नसतातच. असतात त्या रेषा, आकडे, चिन्हे आणि थोडे संक्षेप. इमारतींचे नकाशे कसे काढावेत यासाठी आयएस ९६२ हे भारतीय मानक आहे, त्यामुळे बरीचशी चिन्हे सगळीकडे सारखी भेटतात. महिनाभर रोज शीट हाताळली तर नेहमीचे संक्षेप पाठ होतात. इंग्रजी चांगले असलेला माणूसही पहिल्या दिवशी अडखळतो, कारण खरी अडचण भाषेची नसून नजरेची आहे.

ती नजर अशी. प्लॅन म्हणजे वरून काढलेला फोटो नव्हे. जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर इमारत आडवी कापली, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि खाली पाहिले, तर जे दिसेल ते म्हणजे प्लॅन. म्हणून भिंती कापलेल्या दिसतात, खिडक्याही दिसतात, आणि डोक्यावरचा बीम तुटक रेषेने दाखवावा लागतो. हाच काप उभा घेतला की सेक्शन होतो. तो कुठे घेतला आणि कोणत्या बाजूला पाहायचे, हे प्लॅनवरचे बाण सांगतात.

यानंतर येते ग्रिड. एका दिशेच्या रेषांना ए, बी, सी आणि दुसऱ्या दिशेच्या रेषांना १, २, ३ अशी नावे असतात. ‘बी-३ कॉलम’ म्हटले की जागा पक्की होते. एक आणि शून्याशी गोंधळ नको म्हणून आय आणि ओ ही अक्षरे बहुधा गाळतात. आर्किटेक्टच्या शीटवर भिंती असतात, स्ट्रक्चरलच्या शीटवर सळया आणि प्लंबिंगच्या शीटवर पाइप. या तिन्ही एकमेकींशी जुळवायच्या त्या ग्रिडवरूनच. एकच कागद पाहून काम केले की नंतर पाइपासाठी बीम फोडण्याची वेळ येते.

आकड्यांतही एक खोच आहे. लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि बहुधा एकक लिहीत नाहीत. लेव्हल मात्र मीटरमध्ये असते. म्हणजे ‘३०००’ ही तीन मीटर लांबी, तर ‘+३.०००’ म्हणजे शून्य लेव्हलपासून तीन मीटर वर.

सर्वांत मोठा गैरसमज पट्टीचा. १:१०० प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, मग पट्टी लावून मोजायला काय हरकत, असे वाटते. हरकत अशी की ए-वन आकाराची शीट सोयीसाठी ए-थ्रीवर छापली की प्रत्येक लांबी निम्मी होते. कोपऱ्यात १:१०० तसेच राहते, पण कागद झालेला असतो १:२००. म्हणून माप वाचायचे, मोजायचे नाही. लिहिलेले माप सापडत नसेल तर इंजिनिअरला विचारायचे.

तुमच्या कामातले उदाहरण घेऊ. स्लॅबच्या शीटवर ‘८ – १५० सी/सी’ असे आहे. म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाची सळई, दर १५० मिलिमीटरवर, मध्यापासून मध्यापर्यंत. पहिल्या सळईपासून शेवटच्या सळईपर्यंतचे अंतर ३००० असेल तर ३००० भागिले १५० म्हणजे २०. पण ही झाली मोकळ्या जागांची संख्या. सळया लागतील २१. वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२ करा : ६४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ०.३९५ किलो. इतका हिशेब जमला की लोखंडाची मागणी तुम्ही स्वतः काढू शकता. शीटवरच्या टिपाही सोडू नका. कव्हर तिथेच दिलेले असते. आयएस ४५६ नुसार ते कॉलमला साधारणपणे किमान ४० आणि फुटिंगला किमान ५० मिलिमीटर हवे. कव्हर ब्लॉक त्याच मापाचे निवडायचे.

सरावासाठी लांब जायला नको. कोसाड आवासमध्ये एकाच नमुन्याच्या इमारतींच्या रांगा आहेत. तिथले किंवा तुमचे स्वतःचे घर टेपने मोजा आणि १:५० प्रमाणात काढा. २३० ची भिंत कागदावर ४.६ मिलिमीटर येईल. नमुना एक आणि इमारती अनेक असल्या की शीटवरची एक चूकही प्रत्येक इमारतीत उतरते. म्हणून उजव्या खालच्या चौकटीतला आर-०, आर-१ हा सुधारणा क्रमांक आधी पाहायचा. महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशावरूनही सळई बांधू नका. तो क्षेत्रफळ आणि मोकळ्या जागा तपासण्यासाठी असतो. बांधकामासाठी वेगळी शीट निघते, तिच्यावर तसा शिक्का असतो.

राहिला डिप्लोमा. नकाशा वाचायला तो लागत नाही. पण कंपनीत सुपरवायझर किंवा इंजिनिअरच्या जागेसाठी कागद बहुधा मागतात. गणित-विज्ञान घेऊन दहावी झालेल्यांसाठी आयटीआयचा ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. सिव्हिलचा डिप्लोमा तीन वर्षांचा. सुरतेत मजुरा गेटला १९५५ पासून गांधी कॉलेज हे सरकारी पॉलिटेक्निक आहे. काम सोडणे शक्य नसेल तर हातात असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आरपीएल योजना आहे; ती प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचा भाग आहे. शहरात २०२१ पासून दोन मार्गांच्या, ४०.३५ किलोमीटर लांबीच्या मेट्रोचे काम सुरू झाले. अशा कामांवर शीटांचे गठ्ठे असतात, आणि गुजराती, हिंदी, मराठी, ओडिया बोलणाऱ्या टोळ्यांना त्या समजावून देणारा मुकादम लागतोच.

नुसते वाचन जमले म्हणून कोणी सुपरवायझर होत नाही. लेव्हल काढणे, मालाचा हिशेब आणि रोजचा अहवालही यावा लागतो. पण सुरुवात शीटपासून करा. आधी कोपऱ्यातली चौकट, मग सुधारणा क्रमांक, मग ग्रिड, मग मापे, शेवटी टिपा. दोन शीटा जुळत नसतील तर काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरला दाखवा आणि त्याने केलेली दुरुस्ती त्याच्या सहीसह शीटवरच लिहून घ्या.