बशी उलटी करून पाहा



पावणी म्हणजे काय, हे आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. उत्सवात देवाला वाहिलेले नारळ, केळी, भाजी देवळाच्या मंडपात पुकारली जाते, भाविक बोली चढवत नेतात आणि एखाद्या नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट दाम येतो. तो दाम नारळाचा नसतो, प्रसादाचा असतो. जुन्या वस्तूंचा लिलाव वरवर पाहता असाच दिसतो. मात्र तिथे बोली चढते ती माहितीवर. वस्तू काय आहे, कधीची आहे, कितपत शाबूत आहे, हे ज्याला कळते तो योग्य वेळी हात वर करतो आणि योग्य वेळी थांबतो. 'लिलाव' हा शब्दसुद्धा पोर्तुगीज 'लेइलांव' या शब्दावरून मराठीत आलेला आहे.

या अंकात आम्ही जुन्या इंग्रजी चिनीमातीच्या भांड्यांचा विषय घेतला आहे. पेडण्याच्या शाळेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या घरांतच आहे.

ही भांडी आपल्याकडे कशी आली?

आपल्या भागातील अनेक कुटुंबांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेली. सुट्टीवर येताना ट्रंकेतून कपबश्या, बशा, फुलदाण्या गावी येत. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर काही वर्षे, म्हणजे १८९२ पर्यंत, गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकातही उठली होती. पुढे १९५५ नंतर भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा परदेशी माल थेट समुद्रमार्गे येऊ लागला. म्हणून गोव्यातील जुन्या कपाटात इंग्लंडच्या बशीशेजारी पोर्तुगालच्या साकावेम किंवा व्हिस्ता आलेग्रे कारखान्याची बशी, मकावमार्गे आलेले चिनी भांडे आणि जपानी कपही सापडू शकतो. चांदर येथील मिनेझिस ब्रागांझा यांच्या घरातील चिनी पोर्सलीन तर पाहुणे मुद्दाम पाहायला जातात.

बऱ्याच हिंदू घरांत ही भांडी सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चालत नसत. ती ओटीवरच्या किंवा दिवाणखान्यातल्या कपाटात राहत आणि पाहुण्यांपुरती बाहेर निघत. रोजच्या वापरात नसल्यामुळेच त्यांतली पुष्कळ आजवर टिकली.

२०२३ साली मोपाचा विमानतळ सुरू झाला. आपल्या तालुक्यात जमिनी आणि घरे यांचे व्यवहार जोरात आहेत. जुने घर मोडले की कपाट रिकामे होते. मग भांडी भंगारात जातात किंवा दारावर आलेल्या माणसाला घाऊक दराने दिली जातात. विकणे हा काही गुन्हा नव्हे. घराला पैशांची गरज असते. पण आपण काय विकत आहोत हे न कळता विकणे हे नुकसान आहे, आणि ते नुकतेच पैशांचे नाही.

माती ओळखा

प्रथम भांडे उजेडासमोर धरा आणि आपली बोटे त्यामागे ठेवा. बोटांची सावली आरपार दिसली तर ते पोर्सलीन किंवा बोन चायना असण्याचा संभव अधिक. काहीच दिसले नाही तर बहुधा ते साध्या मातीचे, वरून झिलई दिलेले भांडे आहे.

खऱ्या पोर्सलीनची विद्या चीनची. युरोपात ती जर्मनीतील माइसेन येथे १७१० मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने साधली. इंग्लंडमध्ये चेल्सी, बो, डर्बी, वुस्टर हे कारखाने अठराव्या शतकाच्या मध्यावर निघाले. जोसाया वेजवूड (१७३० ते १७९५) याने स्टॅफर्डशायर परगण्यात १७५९ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. त्याची दुधी रंगाची भांडी राणी शार्लट हिला पसंत पडली आणि ती 'क्वीन्स वेअर' म्हणून जगभर खपली. त्याच परगण्यात जोसाया स्पोड याच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस बोन चायनाची कृती पक्की झाली. तिचे रूढ प्रमाण असे : निम्मा भाग जनावरांच्या हाडांची राख, पाव भाग चिनी माती आणि पाव भाग कॉर्नवॉलचा दगड.

निळ्या झाडाखाली पूल, पुलावर तीन माणसे आणि वर दोन पक्षी असे चित्र असलेली बशी पुष्कळांनी पाहिली असेल. हा 'विलो' नमुना. त्याची प्रेमकथा चिनी म्हणून सांगतात; पण नमुनाही इंग्लंडात तयार झाला आणि कथाही तिथेच, माल खपावा म्हणून रचली गेली.

बशीच्या पाठीवरची अक्षरे

आता बशी उलटी करा. भांड्याचे वय पुढच्या चित्रावरून ठरवू नये. स्पोडचा 'ब्लू इटालियन' नमुना १८१६ मध्ये निघाला आणि तो एकविसाव्या शतकातही बाजारात आहे. चित्र तेच, पण दोन बशांत दोनशे वर्षांचे अंतर असू शकते. पाठीवर पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. देशाचे नाव. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचे नाव घालणे भाग पडले. म्हणून नुसते 'इंग्लंड' असेल तर भांडे बहुधा १८९१ नंतरचे. 'मेड इन इंग्लंड' असेल तर बहुधा विसाव्या शतकातले.

२. चौकट किंवा क्रमांक. १८४२ ते १८८३ या काळात नोंदणी केलेल्या नमुन्यांवर हिऱ्याच्या आकाराची चौकट असे. १८८४ पासून इंग्रजी 'आर' आणि 'डी' या अक्षरांपुढे क्रमांक येऊ लागला. हे साल नमुन्याच्या नोंदणीचे आहे. भांडे त्यानंतर कितीही वर्षांनी घडवलेले असू शकते.

३. नावाचे स्पेलिंग. वेजवूडच्या खऱ्या शिक्क्यात 'जी' या अक्षरापुढे लगेच 'डब्ल्यू' येतो. मध्ये 'ई' असेल तर ते भांडे दुसऱ्याच कोणाचे. एका अक्षराने किती फरक पडतो हे शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे!

४. खुणेचा आकार. चेल्सीच्या भांड्यांवर नांगराची खूण असे. खरा नांगर अगदी बारीक, भाताच्या शितापेक्षा फारसा मोठा नाही. ठळक, ऐटबाज सोनेरी नांगर दिसला की संशय घ्यावा. पॅरिसच्या सांसाँ या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात जुन्या भांड्यांच्या पुष्कळ प्रतिकृती केल्या. त्या प्रतिकृतीही आता जुन्या झाल्या आहेत, त्यामुळे नुसत्या जुनेपणावर भुलू नये.

खूण नाही म्हणून भांडे टाकाऊ असेही समजू नये. अठराव्या शतकातील कितीतरी चांगल्या भांड्यांवर एकही खूण नाही.

लिलावात काय चालते?

लंडनमध्ये सदबीजची सुरुवात १७४४ ची आणि क्रिस्टीजची १७६६ ची. चेल्सीचा कारखाना तर आपला नवा मालच लिलावाने विकत असे. त्याच्या १७५५ आणि १७५६ च्या लिलावांच्या छापील याद्या अजून उपलब्ध आहेत आणि त्यांच्या आधारे आजही अभ्यासक भांडी ओळखतात. त्या वेळच्या कारकुनाने नीट लिहिलेली नोंद अडीचशे वर्षांनंतर कामाला येते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लिलावाची यादी वाचणे हा एक वेगळाच धडा आहे. 'वुस्टरचा कप' आणि 'वुस्टर पद्धतीचा कप' या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे. दुसऱ्यात विकणाऱ्याने काहीच हमी घेतलेली नसते. अंदाजे किंमत छापलेली असते; तिच्याखेरीज मालकाने मनात ठरवलेली किमान किंमतही असते आणि ती सहसा छापत नाहीत. बोली तिथपर्यंत पोचली नाही तर वस्तू विकली जात नाही.

लिलावाआधी माल पाहायला ठेवतात. तेव्हा भांडे दोन्ही हातांनी उचलून कडेवरून बोट फिरवावे, हलकेच टिचकी मारावी. शाबूत पोर्सलीन खणखणीत वाजते. तडा असेल तर आवाज बसका येतो. केसासारखी चीर, पुन्हा रंगवलेला भाग, चिकटवलेला कान यांमुळे किंमत एकदम उतरते. काही दुरुस्त्या साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण अतिनील दिव्याखाली वेगळ्या चमकतात.

आता थोडे गणित. समजा, एका बशीवर ८,००० रुपयांना हातोडा पडला. लिलावगृहाचे खरेदीदाराकडून घ्यायचे कमिशन शेकडा २० आहे. म्हणजे आणखी १,६०० रुपये. पॅकिंग व वाहतूक ९०० रुपये. एकूण १०,५०० रुपये, आणि कर वेगळे. ज्याच्या खिशात ८,००० च आहेत त्याने बोली कुठे थांबवायला हवी? वाहतुकीचे ९०० आधी बाजूला काढा आणि उरलेल्या ७,१०० ला १.२ ने भागा. उत्तर सुमारे ५,९१६ रुपये येते. हा आकडा घरूनच कागदावर लिहून न्यावा. सभागृहात चढाओढ लागली की माणूस बशीसाठी नाही, समोरच्याला हरवण्यासाठी बोलतो.

कायदा आणि निगा

पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तू ठरतात. खासगी व्यक्तीला त्या भारताबाहेर पाठवता येत नाहीत; तसे केल्यास तुरुंगवासाची शिक्षा आहे. परदेशी पाहुण्याला घरची जुनी बशी भेट देण्यापूर्वी पालकांनी याचा विचार करावा.

भांडे धुताना राख आणि सोडण वापरू नये. सोनेरी रेघ निघून जाते आणि ती परत येत नाही. जुन्या भांड्यांच्या झिलईत शिसे असू शकते. त्यांत लोणचे, सोलकढी किंवा कोणताही आंबट पदार्थ ठेवू नये. अशी भांडी पाहण्यासाठी ठेवावीत, जेवणासाठी नकोत.

संग्रह एकत्र राहिला तर

सर रतन टाटा (१८७१ ते १९१८) यांनी देशविदेशांत जमवलेल्या कलावस्तू मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाला मिळाल्या. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कोणीही तिकीट काढून त्या पाहू शकतो. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सलीनची स्वतंत्र दालने आहेत.

खुद्द वेजवूडची गोष्ट आणखी बोलकी आहे. ती कंपनी २००९ मध्ये बुडाली. कामगारांच्या निवृत्तिवेतनाचे देणे फेडण्यासाठी कारखान्याच्या संग्रहालयातील सारा संग्रह विकावा लागणार, अशी वेळ आली. वेजवूडच्या हातच्या प्रयोगांचे तुकडे, वह्या, नमुने जगभर विखुरले गेले असते. २०१४ मध्ये संग्रह वाचवण्यासाठी १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड उभे करायचे होते. मोठ्या संस्थांनी बराच भाग दिला आणि उरलेली रक्कम जाहीर आवाहनानंतर महिन्याभरात सामान्य लोकांच्या देणग्यांतून जमली. संग्रह आपल्या गावीच राहिला. सुट्या सुट्या विकल्या असत्या तरी त्या वस्तूंना चांगली किंमत आली असती. पण कोणत्या प्रयोगानंतर कोणता झाला, हे सांगणारी ओळ तुटली असती.

आपल्या घरच्या दोन बशांचेही असेच आहे. लिलावात ती एक साधी बशी असेल, कदाचित काही शेकडा रुपयांची. पणजोबांनी ती मुंबईहून कोणत्या साली आणली, कोणाच्या लग्नात ती बाहेर निघाली, हे घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. ते त्यांच्याबरोबर गेले की बशी मुकी होते. ठेवायची असो वा विकायची असो, आधी तिची नोंद झाली पाहिजे.

उपक्रम

इयत्ता सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरातील किंवा शेजारच्या घरातील एका जुन्या भांड्याची नोंद वहीच्या एका पानावर करावी. पानावर पुढील गोष्टी असाव्यात : भांड्याचे घरात रूढ असलेले नाव, उंची व रुंदी सेंटिमीटरमध्ये, पाठीवरच्या खुणेचे पेन्सिलीने काढलेले चित्र, तडा अथवा दुरुस्ती, ते कोणी व कोठून आणले, आणि ही माहिती ज्यांनी सांगितली त्या आजी-आजोबांचे नाव. भांडे मोठ्या माणसाकडूनच खाली उतरवून घ्यावे, जमिनीवर चादर पसरावी आणि हात कोरडे ठेवावेत. इंग्रजी भांडे नसेल तर लोणच्याची बरणी किंवा बोयांवही चालेल.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की या पानांची एक वही बांधून ग्रंथालयात ठेवावी आणि दरवर्षी तिच्यात भर घालावी. भांडी ज्यांची त्यांच्या घरीच राहतील. त्यांची माहिती तेवढी शाळेत राहील. पुढे एखाद्या घरचे कपाट रिकामे झाले, तरी त्यात काय होते हे सांगणारे एक पान पेडण्यात शिल्लक असेल.