तळाच्या माशासाठी काठी

समुद्रात सगळे मासे एका जागी राहत नाहीत. बांगडा, तारली वरच्या पाण्यात थव्याने फिरतात. तांबोसा, हेकरू हे मासे तळाशी, खडकाच्या आडोशाला राहतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्रात असे खडक पुष्कळ आहेत. खडकावर जाळे फाटते. म्हणून तिथे गळ सोडून मासा धरतात. यालाच गरवणे म्हणतात.

जुनी माणसे दोरी हातात धरूनच गरवतात. ती रीत चांगलीच आहे. आता काठी आणि रीळ घेऊनही गरवतात. दोऱ्याला माशासारखा चकाकणारा धातूचा तुकडा बांधतात. त्याला गळ लावलेला असतो. या तुकड्याला जिग म्हणतात. जिग तळापर्यंत सोडायची, काठीने वर उचलायची, पुन्हा खाली सोडायची. मोठ्या माशाला वाटते, लहान मासा पळतो आहे. तो झडप घालतो.

अशी काठी स्वस्त मिळत नाही. दुकानात चकचकीत काठी दिसते नि मन भुलते. पण काठी चुकीची निघाली, तर ऐन वेळी मोडते. मासाही जातो नि पैसाही जातो. काठीच्या बुडाजवळ आकडे छापलेले असतात. आता तुम्हाला वाचता येते. मग ते आकडे वाचूनच काठी घ्या.

जिगचे वजन

काठीवर 100–200 असे आकडे आणि पुढे इंग्रजी ‘जी’ अक्षर असेल, तर ती काठी 100 ते 200 ग्रॅमच्या जिगसाठी आहे. फार हलकी जिग लावली तर ती नीट नाचत नाही. फार जड लावली तर काठी मोडते.

आपल्याला किती वजनाची जिग लागेल? पाण्याची खोली वावांत मोजा. 1 वाव म्हणजे 6 फूट. 20 वाव म्हणजे 120 फूट. एका फुटाला 1 ग्रॅम, असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे जिग 120 ग्रॅमची. पाण्याला ओढ असली तर दीडपट, म्हणजे 180 ग्रॅम धरा. दोन्ही वजने 100 ते 200 मध्ये बसतात. ही काठी चालेल. पण तुम्ही 40 वाव पाण्यात जात असाल, तर 240 ग्रॅम लागतील. मग ही काठी नको.

दोऱ्याचे बळ

दुसरा आकडा दोऱ्याचा. पुढे ‘एल-बी’ अक्षरे असतात. ती पौंडाची खूण. 1 पौंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम. काठीवर 40 पौंड लिहिले असेल, तर दोरा 18 किलोपर्यंतच्या बळाचा लावा. त्याहून जाड दोरा लावला, तर ओढाताणीत दोरा तुटत नाही, काठी तुटते.

रिळाला ताण कमी-जास्त करायची चावी असते. ताण दोऱ्याच्या बळाच्या चौथ्या हिश्शाएवढा ठेवा. इथे तो साडेचार किलो. मोठा मासा धावला, तर दोरा सुटत जाईल, पण तुटणार नाही.

लांबी

दुकानदार म्हणेल, “लांब घ्या, दादा, लांब काठी चांगली.” किनाऱ्यावरून दूर फेकायला ती चांगली. होडीतून सरळ खाली सोडायला 5 ते 6 फूट पुरे. भरलेली बादली हात लांब करून धरून पाहा. मग अंगाजवळ धरून पाहा. लांब हाताला ती जड लागते. काठीचेही तसेच.

घेण्याआधी पाहा

काठी दोन जातींची असते. काचतंतूंची काठी जड, पण धसमुसळेपणा सोसते. कार्बनची काठी हलकी, पण आपटली तर तडकते. तिच्यातून वीजही वाहते. विजेच्या तारांजवळ ती उभी धरू नका. आभाळ गडगडू लागले, तर कोणतीही काठी खाली ठेवा.

कड्या तपासा. कापसाचे बोंड प्रत्येक कडीतून फिरवा. कापूस अडकला, तर कडीला चीर आहे. ती चीर दोरा कापील.

वापरताना

जिग खडकात अडकली, तर काठीने हिसके देऊ नका. काठी दोऱ्याच्या रेषेत सरळ धरा. दोरा लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा. विणीचा दोरा बोटाला कधी गुंडाळू नका. तो बोट कापतो. मासा होडीजवळ आला, की काठी उभी ताणू नका. शेंडा तिथेच मोडतो. मासा झेल्याने उचला. घरी आल्यावर काठी आणि रीळ गोड्या पाण्याने धुवा.

हिशेब करा

1. पाणी 15 वाव खोल आहे. ओढ नाही. जिग किती ग्रॅमची हवी?
2. त्याच पाण्याला ओढ लागली. आता जिग किती ग्रॅमची?
3. दुकानात दोन काठ्या आहेत. एकीवर 60–150 ग्रॅम लिहिले आहे, दुसरीवर 150–300 ग्रॅम. यांतली कोणती घ्याल? का?