लिंकवाला चिमटा

जुनी एमटीबी हाती लागली की पोरं पहिल्याच दिवशी पॉलिश पेपर घेऊन रंग खरवडायला बसतात. तू तसं करू नको, भो. जुना रंग म्हणजे फ्रेमचा पंचनामा. गाडी कधी समोरून धडकली असेल, तर हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाशी रंगाला सुरकुत्या दिसतात, पापुद्रे सुटलेले असतात. खरवडून टाकलंस की कळायला मार्ग नाही. बोट फिरव, बॅटरी मारून बघ. मग एका मागच्या ड्रॉपआउटला दोरा बांध, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताण आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोज. एक-दोन मिलिमीटरचा फरक माफ. जास्त असेल तर आधी फ्रेम सरळ करून घे. वाकड्या फ्रेमला नवा चिमटा लावून काही साधत नाही.

नव्वदच्या दशकातल्या हर्क्युलिस एमटीबी आणि हीरो रेंजर अजून खान्देशात कुणाच्या खळ्यात, कुणाच्या माळ्यावर पडलेल्या सापडतात. पोलाद जाड, वजन भरपूर, चिमटा सरळसोट. सामान आणायला निघण्याआधी दोन मापं लिहून घे. पहिलं टायरचं. ‘सव्वीस इंची’ एवढंच सांगितलंस तर दुकानदार 26 बाय 1⅜ चा टायर हातात ठेवेल. त्याची बैठक 590 मिलिमीटरची, एमटीबीच्या रिंगची 559 ची. टायर सव्वीसचाच असूनही एकाचा दुसऱ्यावर बसत नाही. दुसरं माप चिमट्याच्या दांडीचं, एक इंच की सव्वा इंचाच्या अलीकडची 1⅛. हे न बघता लेथवर काम टाकलं तर मजुरी गेली म्हणून समज.

आता तुझ्या लाडक्या लिंकवाल्या चिमट्याकडे येऊ. ही कल्पना आपल्याला नवी नाही. बजाज चेतकचं पुढचं चाक सरकत्या नळ्यांवर नाही, छोट्या भुजेवर झुलतं. लॅम्ब्रेटाचंही तसंच. मोटारसायकलींना सरकत्या नळ्यांचा टेलिस्कोपिक चिमटा रुळण्याआधी बहुतेक लिंकांवर झुलणारे गर्डर चिमटे असत. बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये टेलिस्कोपिक आणला आणि मग हळूहळू सगळे तिकडे वळले. माउंटन बाइकमध्ये 1990 च्या सुमारास रॉकशॉक्सचा दोनेक इंच दबणारा टेलिस्कोपिक गाजला. तरी त्याच दशकात कॅलिफोर्नियात होर्स्ट लाइटनर यांच्या एएमपी रिसर्चने आणि दुसरीकडे गर्विन कंपनीने लिंकवाले चिमटे विकले. माझं मत विचारशील तर जळगावात बसून घडवायला लिंकवालाच बरा. टेलिस्कोपिकला आतून घोटलेल्या नळ्या, क्रोम, सील लागतात. याला पट्ट्या, पिना आणि बुश पुरतात. अजिंठा रोडवरच्या एमआयडीसीतला कुठलाही बरा टर्नर ते करून देईल, फक्त तू त्याच्या शेजारी उभं राहायचं.

उभं कशासाठी, ते ऐक. या चिमट्यात चाक धरणारे दोन पाय एकजीव असतात आणि ते वरच्या-खालच्या लिंकांनी दांडीला जोडलेले असतात. समज, वरच्या आणि खालच्या पिनांत 60 मिलिमीटर अंतर आहे आणि एक्सल त्यांच्याखाली 400 वर. म्हणजे पिनेत दहावा हिस्सा मिलिमीटर ढिलाई राहिली तर एक्सलपाशी ती सहा-सातपट होते. हँडल खडखडतं ते यामुळे, आणि स्प्रिंग कितीही भारी घातली तरी ते जात नाही. म्हणून डाव्या-उजव्या लिंका एकावर एक क्लॅम्प करून भोकं एकाच वेळी पाड. वेगवेगळी पाडलीस तर मध्य कुठेतरी केसभर चुकतो आणि चिमटा दबताना पीळ खातो. बुश गनमेटलचे घे. प्रेस केल्यावर बुश आतून थोडा आवळतो, तेव्हा रीमर नंतर फिरवायचा, आधी नाही. पिन कडक केलेली हवी, डोक्यात ग्रीस निपल, टोकाला नायलॉक नट. आडवी ढिलाई पातळ वॉशर घालून काढ. नट आवळल्यावर स्प्रिंग न लावता चिमटा बोटाने हलवून बघ. अडखळता कामा नये आणि डुलताही कामा नये. इथे एक दिवस जास्त गेला तर जाऊ दे.

पट्टी नळीला जोडायला साधं आर्क वेल्डिंग नको. नळी पट्टीच्या मानाने पातळ असते, गॅसवर पितळेचं ब्रेझिंग कर.

उंचीचा हिशेब डोक्यात ठेव. जुन्या चिमट्याची लांबी, क्राउनच्या बैठकीपासून एक्सलपर्यंत, मोजून ठेव. पुढून गाडी 20 मिलिमीटर उचलली गेली की हेड ट्यूब साधारण एका अंशाने मागे कलते. मग चढावर पुढचं चाक भटकतं आणि हेड ट्यूबच्या सांध्यावर ताण वाढतो. तू स्वार झाल्यावर चिमटा पाव भागाने दबला पाहिजे. 50 मिलिमीटर प्रवास धरलास तर साधारण 12. म्हणजे रिकामा चिमटा जुन्यापेक्षा तेवढाच लांब ठेव. जास्त प्रवासाचा मोह टाळ. या फ्रेमा त्यासाठी घडवलेल्याच नाहीत.

स्प्रिंगपाशी भलेभले फसतात. लिंकमुळे चाक दोन बोटं वर जाताना स्प्रिंग एकच बोट दबत असेल, तर तुला दुप्पट नव्हे, चौपट कडक स्प्रिंग लागते. मोपेडची स्प्रिंग भंगारातून आणायला हरकत नाही, पण वजनकाट्यावर ठेवून दाब आणि दहा मिलिमीटरला किती किलो जातात ते लिही. मागच्या पिढीतले रबराचे गुल्ले नकोत. उन्हाने ते मऊ पडतात आणि आपला मे महिना तुला ठाऊकच आहे.

ब्रेकचे खुंटे चाकासोबत हलणाऱ्या पायांवरच हवेत. दांडीच्या बाजूला लावलेस तर चिमटा दबताच गुटके रिंग सोडून टायर घासतील. जुना कॅन्टिलिव्हर ब्रेक असेल तर त्याच्या केबलचा अडकाही पायांवरच घे, नाहीतर खड्ड्यात ब्रेक आपोआप लागेल-सुटेल. एकाच छोट्या भुजेचा चिमटा केलास तर आणखी एक भानगड. भुजा मागे गेलेली आणि ब्रेक तिच्यावर पक्का, तर ब्रेक दाबताच नाक बुडतं. भुजा पुढे असेल तर उलट, नाक उचललं जातं. बीएमडब्ल्यूच्या 1955 ते 1969 मधल्या अर्ल्स चिमट्याच्या गाड्या पुढचा ब्रेक मारताच उठायच्या, त्या याच कारणाने.

पूर्ण दबल्यावर टायर कुठे टेकत नाही ना, हे स्प्रिंग काढून तपास. वर दोन बोटं मोकळी जागा ठेव. काळी माती ओली झाली की टायरला चिकटून थर चढतात आणि चाक जागीच थांबतं. पुण्याच्या मुरमावर चालणारी गाडी आपल्या शेतरस्त्यावर का अडते, याचं उत्तर एवढंच.

शेतरस्त्यावर काटेही आलेच. पंक्चर काढताना काटा टायरमध्येच राहिला तर नवी ट्यूबही जाते. बाभळीचं टोक डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरव, जिथे तंतू अडकेल तिथे काटा. आपल्याकडे कापसाला काय तोटा! हवा सकाळी गार असताना भर आणि दुपारी गाडी उन्हात ठेवू नको.

पहिली फेरी मेहरूण तलावाकडच्या सपाट रस्त्यावर, मग धुळ्याला आलास की लळिंग किल्ल्याच्या पायथ्याचा दगडी रस्ता. परत आल्यावर प्रत्येक नट पुन्हा आवळ. आषाढात चिखलातून काढलीस की सगळ्या पिना उतरवून रॉकेलने धू आणि नवं ग्रीस भर. उतरवताना डाव्या लिंकेवर पंचने एक ठिपका, उजवीवर दोन ठिपके मार. झिजलेली जोडी जागच्या जागीच परत बसली पाहिजे.