पाच लाखांचा आरोग्यविमा असूनही बिलाचे पैसे खिशातून का भरावे लागतात?

विमा रक्कम ही वर्षभरातील खर्चाची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात किती मिळणार, हे पॉलिसीतील उपमर्यादा ठरवतात आणि त्यांत सर्वांत महाग पडते ती खोलीभाड्याची अट. पाच लाखांच्या पॉलिसीत भाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये असेल आणि रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली, तर कात्री फक्त भाड्यालाच लागत नाही. सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही पाच-अष्टमांश प्रमाणातच मंजूर होतात. अशा खर्चांच्या १,६०,००० रुपयांपैकी १,००,००० हाती येतात. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लागू होत नाही. एजंट ही अट क्वचितच आपणहून सांगतो.

म्हणून कव्हर निवडताना आधी आपल्या शहरातील ज्या रुग्णालयात जाण्याची शक्यता आहे, तेथील खोलीचे दर पाहावेत. भाड्याची मर्यादा नसलेली पाच लाखांची पॉलिसी मर्यादा असलेल्या सात लाखांच्या पॉलिसीपेक्षा अनेकदा सरस ठरते. मोठ्या आजारासाठी जास्त रक्कम हवी असल्यास मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप घेणे सहसा स्वस्त पडते. मात्र हा टॉप-अप लागू होण्यासाठी ठरलेल्या रकमेपर्यंतचा खर्च आधी मूळ पॉलिसीतून किंवा खिशातून व्हावा लागतो.

मधुमेह, रक्तदाब असे आजार विमा प्रस्तावात लपवू नयेत; लपवण्याची गरजही नाही. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण मिळण्यापूर्वीचा प्रतीक्षाकाळ २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचाच आहे.