आधी ते दोन नंबर बघ

छोटी, काल रात्री दीडपर्यंत तू राउटरशी झुंजत होतीस, असं बाबा म्हणाले. तीनदा फोन करून त्यांना तो बंद-चालू करायला लावलास म्हणे. अगं, त्यांचे गुडघे काय, तो राउटर कुठे टांगलाय! आता जरा माझं ऐक. चूक तुझी नाहीच आहे.

दिवाळीत तू तात्यापाऱ्यातल्या घरी बसून मोबाइलवर १९२.१६८.१.२० टाकलंस, अंगणातला कॅमेरा दिसला, आणि खूश होऊन पुण्याला गेलीस. पण तो नंबर आपल्या चार भिंतींतला. हे नंबर १९९४ पासून खाजगी वापरासाठीच राखलेले, त्यामुळे घरोघरी तेच असतात. पुण्यातून तू तो टाकतेस तेव्हा तुझ्याच फ्लॅटमधल्या टीव्हीचं दार वाजवत असशील.

राउटर म्हणजे वही घेऊन बसलेला चौकीदार. घरातलं कुणी बाहेर गेलं की तो नोंद करतो आणि त्याचं उत्तर आलं की आत सोडतो. बाहेरून आपणहून कुणी आलं, वहीत नाव नाही, तर दारातूनच परत. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे ‘या दारी कुणी आलं तर कॅमेऱ्याकडे पाठव’ असं त्याला बजावून ठेवणं. ते तू अगदी बरोबर केलंयस, मी पाहिलं. पण आपल्या चौकीदाराच्या पुढे इंटरनेट कंपनीचा आणखी एक चौकीदार बसलाय, आणि तो आपलं कशाला ऐकेल?

कसं कळलं सांगू? राउटरच्या स्टेटसच्या पानावर बाहेरचा नंबर १००.७२ ने सुरू होत होता. मोबाइल घरच्याच वायफायवर ठेवून ‘माझा आयपी काय’ म्हणून शोधलं, तर भलताच नंबर आला. दोन्ही जुळले नाहीत की समजायचं, मध्ये कुणीतरी आहे. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये कंपन्यांच्या याच कामासाठी वेगळा काढला. जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण ४२९ कोटी, आणि त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११ च्या फेब्रुवारीतच वाटून झाले. मग कंपन्या कितीतरी घरांना एकाच नंबराआड बसवतात. हे ठाऊक नव्हतं तेव्हा मी सासरी नवा राउटर आणला होता. पैसे पाण्यात, वर सासूबाईंचं ‘जुना बरा होता की’.

कंपनीकडून स्टॅटिक आयपी मिळतो, महिन्याला जास्तीचे पैसे भरून. पण कॅमेरा असा उघड्यावर ठेवू नकोस, बाई. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरीचे पासवर्ड न बदललेले असलेच कॅमेरे आणि तसली उपकरणं लाखांनी ताब्यात घेतली होती.

त्यापेक्षा आतून बाहेर जाणारी वाट धर. बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर टेलस्केल नावाचं ॲप टाक, तुझ्या मोबाइलवरही टाक. दोघंही आपापल्या घरातून बाहेर पडतात, त्यामुळे दोन्हीकडच्या वहीत नोंद होते आणि मध्ये गाठ पडते. थेट जमलं नाही तर तिसऱ्या सर्व्हरमार्फत बोलतात, थोडं हळू चालतं एवढंच. कॅमेऱ्यात टेलस्केल बसणार नाही, म्हणून घरातल्या नेटवर्कची वाट त्या लॅपटॉपनेच दाखवायची. ती सेटिंग मी रविवारी जाऊन करते. फक्त पुण्यातल्या राउटरचे नंबर तेवढे बदलून ठेव, दोन्हीकडे १९२.१६८.१ असलं की पुन्हा टीव्हीच भेटायचा. आणि टेलस्केलचे स्वतःचे नंबरही १००नेच सुरू होतात, ते बघून घाबरू नकोस. लॅपटॉपचं झाकण मिटलं तरी तो झोपणार नाही, हेही बघावं लागेल, कारण बाबा दिसेल ते झाकण मिटतात.

आणि हो, दुपारी दोनच्या सुमारास नुसता काळोख दिसला तर नेटवर्क तपासत बसू नकोस. आई अंगणात केस वाळवायला बसते, तेव्हा कॅमेऱ्यावर बाबांचा पंचा टाकते.